वजा ताई

छोटीला सगळे छोटीच म्हणत. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, नातवंडं झाली, तरी ती छोटीच. तिच्या आधी ताई होती, आणि ताई असेपर्यंत घरात दुसऱ्या कुणाला मोठं व्हायची सोयच नव्हती.

ती ताई आज दुपारी चहाला येणार होती आणि छोटी सकाळपासून नवऱ्याच्या मागे हात धुऊन लागली होती.

"अहो, गेली का ती घूंघूं?"

"जाईल," नवरा कपाटामागून म्हणाला. कपाटाबाहेर त्याचे फक्त पाय दिसत होते.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांना खुर्चीत बसवायचं, नाकावर तो जड लोखंडी सांगाडा चढवायचा, त्यात एकेक काच सरकवत "आता बरं दिसतंय की आधी बरं होतं?" असं विचारायचं, यात त्याची उमेदीची सारी वर्षं गेली. दुकान मुलीच्या हाती सोपवून तो घरी बसला आणि ती सवय त्याच्याबरोबर घरी आली. मग त्याला गाण्यांच्या यंत्रांचा नाद लागला. छोटीला सोफ्यावर बसवायचं, एकदा ही तार लावायची, एकदा ती, आणि विचारायचं, "आता बरं वाटतंय की आधी?" छोटीला दोन्ही सारखंच वाटे. पण तसं म्हटलं की त्याचं तोंड एवढंसं होई, म्हणून ती एकदा 'आता' म्हणे, एकदा 'आधी' म्हणे. तिच्या या उत्तरांवर विसंबून त्याने आतापर्यंत चार तारा आणि एक अख्खा अ‍ॅम्प्लिफायर बदलला होता.

त्या घूंघूंत मात्र तिचाही थोडा हात होता. स्पीकर चांगले कंबरेएवढे उंच. ते जेवणाच्या टेबलाजवळ नकोत, असं तिने एकदाच सांगितलं. म्हणून ते खिडकीखाली गेले, त्यांच्यामध्ये अ‍ॅम्प्लिफायर गेला, आणि गाणी ज्या फोनमध्ये होती तो फोन राहिला सोफ्याजवळ, चार्जरला लटकलेला. नवऱ्याचा फोन जुना, सतत धाप लागलेला, चार्जरवाचून तासभरही तग धरत नसे. मधली तार सोफ्यामागून निघून फ्रिजच्या पाठीमागे, तिथून कपाटामागे असा अख्ख्या खोलीला वळसा घालून खिडकीपाशी पोचायची. आणि पोचताना वाटेतलं सगळं बरोबर घेऊन यायची. गाणं लागायच्या आधीच स्पीकरमधून अशी घूंघूं सुरू व्हायची की शेजारच्या खोलीत कुणीतरी जातं ओढत बसलंय असं वाटावं.

"साधी तार म्हणजे कशी," नवऱ्याने आदल्या दिवशी जेवताना तिला समजावलं होतं. "आवाज न्यायला एक वायर, परत यायला एक. वाटेत जो कुणी भेटेल तो आवाजाबरोबर घरात शिरतो. हातभर तार असली तर कुणी भेटतच नाही, काही बिघडत नाही. पण आपली तार गावभर हिंडून येते."

"मग तिला जाड घ्या."

"जाडीचा प्रश्न नाही. बॅलन्स्ड पाहिजे. बॅलन्स्डमध्ये एकच आवाज दोनदा पाठवतात. एका वायरीतून सुलटा, दुसरीतून उलटा. तिसरी वायर नुसतं पांघरूण. आता वाटेत फ्रिज दोघींच्या कानात सारखंच कुरकुरणार. पोचल्यावर अ‍ॅम्प्लिफायर काय करतो, एकीतून दुसरीला वजा करतो. कुरकुर दोन्हीत सारखी, ती गेली. आवाज उरला, तोही दुप्पट."

"वजा केल्यावर दुप्पट कसा?"

"तू दारापासून दोन पावलं पुढे गेलीस आणि मी दोन पावलं मागे गेलो. आपल्यात अंतर किती?"

"चार पावलं."

"झालं."

छोटीने जरा विचार केला. "म्हणजे दोघींनी जे सारखं सांगितलं ते सोडून द्यायचं आणि जे एकमेकींच्या उलट सांगितलं तेवढंच धरायचं. आमच्या माहेरी हेच चालायचं."

नवरा हसला. छोटी मात्र हसली नाही, कारण तिच्या डोक्यात दुसरंच चालू होतं.

तीसेक वर्षांपूर्वी वाचनालयाच्या सभागृहात ताईच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला होता. ताई मध्ये, छोटी तिच्या उजव्या हाताला, साथ द्यायला. साथ द्यायची म्हणजे ध्रुपदाला आवाजात आवाज मिसळायचा आणि एरवी गप्प बसायचं. डावीकडे व्हायोलिनवाला आणि पाठीमागे ड्रमवाला, ज्याला हळू वाजवणं हा स्वतःचा अपमान वाटायचा. शेवटचं गाणं होतं नावेचं. दोन कडवी झाली. ड्रमवाल्याने मधल्या जागेत नेहमीप्रमाणे धुमाकूळ घातला, तिसरं कडवं सुरू व्हायची वेळ आली, आणि ताई गप्प. ताई तिच्याकडे वाकली, अगदी कानाशी आली, ओठ हलले. ड्रमच्या दणदणाटात छोटीला एक अक्षर ऐकू आलं नाही, पण न ऐकताच ती समजली. ताई शब्द विसरली होती आणि विचारत होती. छोटीने डोळे मिटले आणि ते कडवं एकटीने म्हटलं. सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. आयुष्यात तिच्या एकटीच्या वाट्याला आलेल्या टाळ्या त्या तेवढ्याच.

पडद्यामागे गेल्यावर छोटीचे पाय जमिनीवर नव्हते. भेटेल त्याला ती सांगत सुटली, ताई विसरली आणि मी सावरलं. ताई फक्त एवढंच म्हणाली, "मी विसरले नव्हते." पुढच्या कार्यक्रमाला ताईच्या उजव्या हाताला दुसरीच मुलगी बसली होती. छोटी त्यानंतर गायली ती फक्त पाळण्याशी.

तेव्हापासून घरात चार माणसं जमली की हे ठरलेलंच. छोटी म्हणणार, ताई विसरली होती. ताई म्हणणार, मी विसरले नव्हते. पोरांनी याचं नाटुकलं बसवलं होतं. एक ताई व्हायचा, एक छोटी, आणि बाकीचे पोट धरून हसायचे. छोटीही हसायची. पण आपण आयुष्यात एक गोष्ट धडपणे केली आणि तिच्याच पायी आपल्याला उठवून लावलं, हे तिला काट्यासारखं सलत होतं, आणि इतक्या वर्षांत त्याची धार जराही बोथट झाली नव्हती. तिला बाकी काही नको होतं. ताईने एकदा आपल्या तोंडाने म्हणावं, छोटी, मी विसरले होते आणि तू सावरलंस. बस्स.

आणि वेळ फार उरला नव्हता. ताई पुढच्या आठवड्यात मुलाकडे राहायला जाणार होती, विमानाने, कायमची.

अशात एक दिवस सभागृहाचा जुना माइकवाला चष्म्याचा नंबर काढायला दुकानात आला. नवरा तेव्हा सहज मुलीकडे दुकानात गेला होता. बोलता बोलता कळलं, त्याने त्या काळी प्रत्येक कार्यक्रम टेप केला होता आणि आता रिकामपणी सगळं कॉम्प्युटरवर चढवलं होतं. दुसऱ्याच दिवशी नावेचं गाणं नवऱ्याच्या फोनमध्ये येऊन पडलं. नवरा लगेच लावायला निघाला होता. छोटीने त्याच्या हातून फोन काढून घेतला.

"ताईसमोरच लावायचं. आधी ऐकलं तर ती म्हणेल, काटछाट केलीत."

हे कारण खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की तिला भीती वाटत होती. तिच्याच आठवणीत काही गफलत निघाली तर काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं.

ताई वेळेवर आली. हातात काठी, पाठ मात्र ताठ. दारातच थांबून तिने खिडकीकडे पाहिलं.

"नवी कपाटं घेतलीत का?"

"स्पीकर आहेत, ताई," नवरा म्हणाला.

"एवढे? चष्मेवाले, तुम्हाला कमी ऐकू यायला लागलं की काय?"

चहा झाला, बिस्किटं झाली, गुडघ्यांची विचारपूस झाली. मग छोटीने पदराला हात पुसत, काहीच नसल्यासारखं सांगितलं की एक जुनं गाणं मिळालंय, वाचनालयातलं. ताईचा कप बशीवर टेकला. छोटीने नवऱ्याकडे पाहून मान हलवली.

आधी घूंघूं आली. मग तिच्या मागून व्हायोलिन आलं, ड्रम आला, आणि मग ताई. काय आवाज होता तो. घूंघूं असो नाहीतर आणखी काही असो, तो सगळ्याला बाजूला सारून मधोमध येऊन उभा राहिला. छोटी तर कुठल्या कुठे, ध्रुपदाला जराशी उजवीकडून डोकावायची आणि परत गायब. दोन कडवी झाली. ड्रमवाल्याने धडाका लावला. छोटी सोफ्याच्या कडेला सरकून बसली. धडाका संपला, ताईचा आवाज आलाच नाही, आणि उजव्या स्पीकरमधून छोटीने तिसरं कडवं उचललं.

"ऐकलंस?" छोटी म्हणाली. "थांबलीस ना?"

"थांबले ना," ताई शांतपणे म्हणाली. "थांबले नव्हते असं मी कधी म्हटलं? विसरले नव्हते, एवढंच म्हटलं."

"मग थांबलीस कशाला? श्वास घ्यायला?"

ताईने बिस्कीट उचललं आणि परत ठेवलं. "राहू दे गं छोटी. गाणं छान झालंय."

हे 'राहू दे' छोटीने बरोबर हेरलं. म्हणजे ताई घाबरली. म्हणजे तिथे ऐकण्यासारखं काहीतरी आहे.

"माझा माइक माझ्या तोंडाशी होता," ती म्हणाली. "तू माझ्या कानाशी येऊन शब्द विचारलेस. ते त्या माइकमध्ये आलंच असणार. अहो, ती घूंघूं घालवा. मला ते कानांनी ऐकायचंय, आणि हिला ऐकवायचंय."

"घूंघूं गेली तरी ड्रम कसा जाईल?" नवरा म्हणाला.

"तुम्ही आधी घूंघूं घालवा."

नवरा उठला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की जणू याच क्षणासाठी त्याने दुकान सोडलं होतं. कपाटाच्या वरच्या खणातून त्याने प्लास्टिकची थैली काढली. आत नवीकोरी काळी तार होती, एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्याला जाड, आणि दोन्ही पिनांवर दोन-दोन काळ्या रेघा.

"बॅलन्स्ड," तो म्हणाला. "आत तीन वायरी आहेत. रेघा मोजा हव्या तर, दोन रेघांनी पिनेचे तीन भाग. एकच आलीय, दुसरी यायचीय, त्यामुळे एकच स्पीकर वाजेल. पण घूंघूं औषधालाही सापडायची नाही."

तार पुन्हा सोफ्यामागून, फ्रिजमागून, कपाटामागून गेली. नवऱ्याचे पाय तेवढे बाहेर राहिले, मग तेही आत गेले. बारीक पिन फोनमध्ये बसली, जाड पिन अ‍ॅम्प्लिफायरच्या भोकात खट्कन बसली. खोली शांत झाली, इतकी की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. नवऱ्याने दोघींकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि गाणं लावलं.

व्हायोलिन सुरू झालं. एकटंच. नवऱ्याच्या कपाळावर आठी पडली. ताईची पहिली ओळ यायची वेळ झाली आणि काहीच आलं नाही. म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. दोन भिंतींपलीकडे कुणीतरी आंघोळ करताना गुणगुणावं तसं काहीतरी पुसट येत होतं. ड्रमही तिकडेच कुठेतरी, उशीखाली दाबल्यासारखा.

"मी कुठाय?" ताईने विचारलं.

"एक मिनिट," नवरा म्हणाला आणि पिन काढायला वाकला.

"हात लावू नका," छोटी म्हणाली.

कारण ध्रुपद आलं होतं, आणि ध्रुपदाबरोबर ती स्वतः आली होती. एकटी, स्पष्ट, खोलीच्या मधोमध. हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. त्या काळी गाताना कानात ताई असे, नंतर आठवताना मनातही ताईच असे. आता ताई नव्हती आणि ही कोण कुठली तरुण बाई तिच्यासमोर गात होती, सुरात, आवाजावर पक्की पकड ठेवून, प्रत्येक ओळीच्या शेवटी हसरी लकेर घेऊन. आपण बरं गायचो, असं तिने स्वतःला कैकदा सांगितलं होतं. बरं नव्हे, ती सुरेख गायची.

तिने ताईकडे पाहिलं. ताई मान खाली घालून ऐकत होती आणि तिचं बोट काठीच्या मुठीवर ताल धरत होतं.

नवरा तेवढ्यात बडबडायला लागला होता. तो कपाळावर हात मारून घेत होता आणि त्याच वेळी फार खूशही दिसत होता.

"गाढव आहे मी. अहो ताई, ही बॅलन्स्ड तार नव्हेच. म्हणजे तार तीच, तीन वायरींची, रेघाही त्याच. पण फोनमधून निघताना तिच्यात दोन वेगळे आवाज शिरतात, एक डाव्या कानाचा, एक उजव्या कानाचा. आणि या भोकाला वाटतंय की एकच आवाज आहे, एकदा सुलटा, एकदा उलटा. म्हणून ते बिचारं इमानेइतबारे वजाबाकी करतंय. दोन्हीकडे जे सारखं होतं ते सगळं गेलं. माइकवाला म्हणालाच होता, तुमचा आणि ड्रमचा माइक त्याने दोन्हीकडे सारखा सोडला होता. व्हायोलिन नुसतं डावीकडे, छोटी नुसती उजवीकडे."

"म्हणजे मला वजा केलंत," ताई म्हणाली.

"फ्रिजबरोबर," नवरा म्हणाला.

"शू," छोटी म्हणाली.

दुसरं कडवं संपलं होतं. मधली जागा आली होती, ड्रमवाल्याची. पण ड्रमवालाही वजा झाला होता. जिथे तेव्हा कानठळ्या बसत होत्या तिथे आता व्हायोलिनचा एकच लांब सूर होता आणि त्याखाली शांतता. त्या शांततेत खुर्ची कुरकुरली. साडी सळसळली. आणि अगदी जवळ, छोटीच्या माइकशी, ताईचा आवाज आला. गाण्यातला नव्हे, बोलण्यातला, हलका, घाईतला.

"छोटी, हे कडवं तू म्हण. एकटी म्हण. आवाज बघ काय लागलाय तुझा आज." थोडं थांबून परत, "म्हण गं, मी गप्प बसते."

मग एक खोल श्वास, छोटीचा. आणि तिसरं कडवं.

कडवं संपलं. टाळ्या आल्या, दोन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या, म्हणून वजा न झालेल्या. गाणं थांबलं.

इतकी वर्षं तिने एका चोराचा हात पकडून ठेवला होता आणि आता पाहिलं तर मुठीतला हात तिचाच होता. तिला लाज वाटली. नुसती लाज, बाकी काही नाही.

"हे बोललीस तू," ती शेवटी म्हणाली.

"बोलले."

"मला ऐकू आलं नाही, ताई. शपथ. तो मेला ड्रम वाजत होता."

"ते मला आज कळतंय," ताई म्हणाली. "मला वाटलं, तू ऐकलंस आणि ऐकूनही पडद्यामागे जाऊन सांगत सुटलीस, ताई विसरली म्हणून. इतकी खूश होतीस की माझ्याकडे बघायलाही तुला फुरसत नव्हती. माझं डोकं फिरलं. म्हटलं, हिला माझ्या हातून दिलेलंसुद्धा स्वतः मिळवल्यासारखं हवंय, तर राहू दे."

"एकदा सांगायचं तरी. एवढी वर्षं नुसतं आपलं 'विसरले नव्हते, विसरले नव्हते'."

"काय सांगू? तुला मीच दिलं होतं, असं चार लोकांत सांगू? मग तुझ्याकडे काय उरलं असतं?" ताईने चष्मा काढून पदराने पुसला. "आणि मी काही साध्वी नाही. दुसरी मुलगी बसवली ती रागानेच. तुझ्या पावपटही गात नव्हती. दोन कार्यक्रमांत कळलं मला. पण तुला परत बोलवायला जीभ रेटेना. तू आली असतीस?"

"नसते आले," छोटी म्हणाली. मग खरं काय ते म्हणाली. "धावत आले असते."

छोटीने ताईच्या कपात चहा ओतला, तो गार होता, ताईने तो तसाच प्यायला. नवरा उगाचच तारेची गुंडाळी करायला लागला आणि तार अजून फोनला लागलेली आहे हे कळल्यावर परत उलगडायला लागला.

तेवढ्यात फोनच थरथरला. पडद्यावर भाच्याचा चेहरा होता, ताईच्या मुलाचा. ताईचा स्वतःचा फोन कायम पर्सच्या तळाशी झोपलेला असे, म्हणून तो काकांनाच फोन करायचा. नवऱ्याने फोन उचलला. भाच्याचे ओठ भराभर हलू लागले आणि स्पीकरमधून चकार शब्द बाहेर आला नाही.

"बघा," नवरा हरखून म्हणाला. "फोनवरचा आवाज डावीउजवीकडे एकसारखा. अख्खाच्या अख्खा वजा."

"अहो, तो बोलतोय," छोटी म्हणाली.

भाचा आता स्वतःच्या फोनवर टिचक्या मारत होता. नवऱ्याने पिन उपटली आणि खोलीत एकदम त्याचा आवाज घुसला.

"...ऐकू येतंय का? काका? हां, आता दिसताय. आई पोचली का? गाणं लावलंत का? तुम्ही कळवल्यापासून आम्ही इथे सगळे वाट बघत बसलोय." त्याच्या मागे त्याची बायको दिसत होती आणि पोरंही, एकमेकांना ढकलत पुढे येणारी. "मावशी, आज निकाल लागला की नाही? कोण विसरलं होतं तिसऱ्या कडव्याला?"

नवऱ्याने छोटीकडे पाहिलं. छोटीने ताईकडे पाहिलं. ताईने फोन आपल्याकडे वळवून घेतला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पाठ आणखी ताठ केली.

"मी विसरले होते," ती म्हणाली. अगदी स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात. "शब्दच आठवेनात. छोटीने सावरलं म्हणून, नाहीतर अब्रू गेली असती. टेपवर ऐकलं आम्ही."

पलीकडे एकच गिल्ला झाला. पोरं टाळ्या वाजवायला लागली. कुणीतरी ओरडलं, मावशीआजी जिंकली.

छोटी हे वाक्य ऐकायला तीस वर्षं आसुसली होती. शब्दन् शब्द तिला हवा तसा होता, उलट चार शब्द जास्तच होते. ताई फोन धरून तिच्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत तेच कौतुक होतं जे छोटीला त्या दिवशी मिटल्या डोळ्यांमुळे दिसलं नव्हतं.

छोटीने पुढे होऊन तिच्या हातातून फोन ओढून घेतला.

"गप्प बसा रे सगळे," ती म्हणाली. "धादांत खोटं बोलतेय तुझी आई. काय झालं ते मी सांगते."